गोळीआधीचं अस्तर

उघड्या भिंतीवर थेट रंग मारणारा माणूस रंगाऱ्याच्या लेखी माणूसच नव्हता. आधी भिंत घासायची, भेगा लांबीने, म्हणजे पुट्टीने, बुजवायच्या, पुन्हा घासायची, मग पांढऱ्या अस्तराचा एक हात द्यायचा, तो वाळू द्यायचा आणि त्यानंतरच रंगाच्या डब्याचं झाकण उघडायचं. हल्ली अस्तराच्या डब्यावर प्रायमर असं छापलेलं असतं, पण हा आपला अस्तरच म्हणायचा. घरमालक घाईला आला, "अहो, पाहुणे यायचेत, एक हात कमी मारलात तर काय बिघडलं?" म्हणाला, की हा ब्रश खाली ठेवून सरळ चहाला निघून जायचा. "रंग कडक असतो साहेब. उघड्या भिंतीला सोसत नाही. उद्या पापुद्रे सुटले की बोंब माझ्याच नावाने मारणार तुम्ही." आणि खरं सांगायचं तर त्याचं बरोबर असायचं. त्याने रंगवलेल्या खोल्या वर्षानुवर्षं जशाच्या तशा राहायच्या. अडचण एवढीच, की हा बाबा सगळ्या जगालाच भिंत समजायचा.

नवे बूट घालायचे तर आधी आतून मेण चोळणार. कुणाला वाईट बातमी द्यायची तर आधी हवापाण्यावर इतका वेळ बोलणार, की समोरच्याच्या पोटात त्या बोलण्यानेच गोळा यावा. "तुमचं अस्तर वाळलं असेल तर आता सांगा काय झालं ते," असं त्याची बायको त्याला म्हणायची. ती पडदे शिवायची. भिंत याची, खिडकी तिची. एकाला घराचं काम मिळालं की दुसऱ्याला आपोआप मिळायचं, आणि घरमालकीण पडदेवालीच्या जिभेला भिऊन रंगाचे पैसेही वेळेवर द्यायची. लग्न करून सासरी गेलेली एक मुलगी, दोन खोल्या, शिलाई मशीन, जिन्याखाली रचलेले डबे. असा त्यांचा संसार. चांगला चाललेला.

मग पडदेवालीला खोकला लागला. आज जाईल, उद्या जाईल म्हणता म्हणता तो काही जाईना, आणि शेवटी मोठ्या दवाखान्यात फोटो काढले तेव्हा फुफ्फुसात गाठ निघाली. कॅन्सरची. जन्मात बाईने कधी विडी-सिगारेटला हात लावला नव्हता. रंगाऱ्याच्या तोंडचं पाणी पळालं. त्याने पहिला प्रश्न विचारला तो हा, की डॉक्टर, जिन्याखाली माझं टर्पेंटाइन असतं, थिनर असतं, त्याच्या वासाने तर नाही ना झालं? डॉक्टर म्हणाले, "तसं काही नक्की सांगता येत नाही."

आता सांगता येत नाही म्हणजे काय समजायचं माणसाने? हो, की नाही? रंगारी घरी आला आणि सगळे डबे उचलून एका ओळखीच्याच्या गोदामात टाकून आला. मग परत येऊन मोकळ्या जागेकडे बघत बसला. बायको म्हणाली, "इतकी वर्षं वास घेतला मी, आता डबे हलवून काय गाठ पण हलणार आहे का?" त्याला ते पटलं. पण डबे परत आणायचंही धाडस होईना.

त्यात गोळीचा प्रकार. गाठीचा तुकडा कुठे कुठे तपासायला गेला, आणि डॉक्टरांनी सांगितलं, की या गाठीत एक ठरावीक बदल सापडलाय, आणि नेमकी त्या बदलावर नेम धरणारी गोळी निघालीय. रोज एक. घरी घ्यायची. सलाइन नाही, दवाखान्यात राहणं नाही. मुलगी फोनवर आनंदाने रडली. रंगारी मात्र पार चक्रावला. कॅन्सर म्हटल्यावर त्याच्या डोळ्यांसमोर सुया, नळ्या, गेलेले केस असं काय काय होतं. आणि इथे गोळी? डोकेदुखीला देतात तशी? म्हणजे आजार छोटा आहे, की आता करण्यासारखं काही उरलं नाही म्हणून हातावर गोळी ठेवून घरी पाठवताहेत? हे विचारायला तो दारापर्यंत परत गेला, आणि तसाच वळून आला. उत्तर काय येईल याची भीती वाटली त्याला.

गोळी द्यायच्या आधी सिस्टरने दोघांना समोर बसवून सगळं समजावलं. उपाशीपोटी घ्यायची, पाण्याबरोबर, अख्खी. फोडायची नाही, कुटायची नाही, पाण्यात विरघळवायची नाही. एखादी चुकून राहिली तर दुसऱ्या दिवशी दोन घ्यायच्या नाहीत. दुसरं कुठलंही औषध, अगदी झाडपाल्याचंसुद्धा, आम्हाला विचारल्याशिवाय नाही. "आणि काका, तुम्ही गोळीला उघड्या हाताने शिवायचं नाही. काकूंनी स्वतः घ्यायची, नाहीतर तुम्ही हातमोजे घालायचे."

"मी शिवायचं नाही?" रंगाऱ्याने विचारलं.

"नाही. औषध कडक आहे. ज्याला आजार नाही त्याने उगाच का अंगाला लावून घ्यायचं?"

रंगारी मान हलवत राहिला, पण डोक्यात भुंगा शिरला तो शिरलाच. ज्या वस्तूला मी नुसतं बोटसुद्धा लावायचं नाही, ती ही बाई रोज गिळणार? उपाशीपोटी? कोऱ्या पोटात?

पहिले काही आठवडे गोळीने कमाल केली. खोकला पळाला. पडदेवाली पुन्हा मशीनवर बसली, दमली की उठायची, पण बसायची. फोटोत गाठ लहान दिसली. रंगाऱ्याच्या जिवात जीव आला. पण त्याबरोबर तिच्या चेहऱ्यावर पुरळ उठली, लालबुंद, नाकाभोवती, कपाळावर, शाळकरी पोरींना येते तशी. "या वयात तारुण्य फुटलं बघा मला," ती आरशात बघून म्हणायची, पण खाजेने रात्रभर जागी असायची. नंतर पोट बिघडायला लागलं. छातीत जळजळ, आंबट ढेकर, काही खावंसं वाटेना. एका सकाळी ती गोळी हातात घेऊन नुसतीच बसून राहिली. घशाखाली घालायचं धैर्यच होईना तिला.

तिला तसं बसलेलं बघून रंगाऱ्याच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. अरे, हे आपल्या कसं लक्षात आलं नाही! कडक माल आणि उघडी भिंत. मग पापुद्रे सुटणार नाहीत तर काय होणार? त्याच्या स्वतःच्या कपाटात ते गुलाबी पातळ औषध कायमचंच असायचं. वर्षानुवर्षं दिवसभर रंगाच्या वासात राहून, वेळी-अवेळी जेवून त्याला पित्त व्हायचं, तेव्हा तो बाटलीच तोंडाला लावायचा. पोटाला आतून थंडगार लेप बसल्यासारखं वाटायचं. त्याने चमचाभर ओतलं आणि तिच्यापुढे धरलं.

"हे घे आधी. पोटाला अस्तर. ते बसलं की मग गोळी."

"पण उपाशीपोटी सांगितलंय ना?"

"अगं, हे काय खाणं आहे का? पाण्यासारखं तर आहे."

तिने घेतलं. आणि काय सांगू, जादू झाली. जळजळ थांबली. मग रंगाऱ्याला हुरूप आला. अस्तराचा एक हात कधी पुरतो का? त्याने दुपारी एक हात दिला, झोपताना एक दिला. बघता बघता पडदेवाली जेवायला लागली. आणि गंमत म्हणजे चेहऱ्यावरची पुरळसुद्धा हळूहळू मावळली. गाल पुन्हा गुळगुळीत. रंगारी शेजारीपाजारी शेखी मिरवायला लागला, की मोठमोठ्या डॉक्टरांना जमलं नाही ते आम्ही कसं केलं. मुलीला फोनवर म्हणाला, "तुझी आई आता फोटो काढण्यासारखी दिसतेय बघ." आणि ती दिसतही होती.

दवाखान्यात दर खेपेला डॉक्टर विचारायचे, "दुसरं काही औषध चालू नाही ना?" आणि रंगारी ठामपणे सांगायचा, "छे, छे." तो खोटं बोलत नव्हता, हे मी तुम्हाला शपथेवर सांगतो. औषध म्हणजे डॉक्टर देतात ते. पित्ताची गुलाबी बाटली म्हणजे घरातली वस्तू, साबण असतो तशी. आणि अस्तर म्हणजे तर काय, अस्तरच. रंग कुठला मारला असं विचारलं तर त्याच्याबरोबर अस्तराचं नाव कुणी घेतं का? पुरळ गेल्याचं बघून डॉक्टर जरा थबकले, "चांगली उतरली की," एवढंच म्हणाले, आणि बाहेर रांग मोठी होती.

मग खोकला परत आला.

आधी दोघांनीही तो ऐकला नाही असं दाखवलं. ती तोंडावर पदर धरून खोकायची आणि तो रस्त्यावरच्या गाड्यांकडे बघायचा. पण फोटो काढायची वेळ आली आणि त्यात सगळं उघडं पडलं. गाठ पुन्हा वाढली होती. डॉक्टरांनी खुर्ची पुढे ओढली, तेव्हाच रंगाऱ्याला कळलं. वाईट बातमीआधी डॉक्टरसुद्धा थोडं इकडचं तिकडचं बोलले. मग म्हणाले, की कधीकधी आजार या गोळीला चुकवायला शिकतो. गोळीचा उपयोग संपतो. आपल्याला वाटलं होतं त्यापेक्षा हे फार लवकर झालं. आता पुन्हा तपासणी करू, आणि बहुतेक सलाइनचं औषध सुरू करावं लागेल.

रंगाऱ्याच्या पायाखालची जमीन सरकली. पण त्याहून जास्त, त्याला काही म्हणजे काही समजेना. बरी दिसत होती तेव्हा आतून बिघडत होती? आणि चेहऱ्यावर पुरळ घेऊन रडत होती तेव्हा बरी होत होती? असं उलटं कसं असेल? भिंत वरून चांगली दिसते आणि आत ओल मुरलेली असते, हे त्याला ठाऊक नव्हतं का? पण बायकोच्या बाबतीत ते ठाऊक असून उपयोग काय. त्याने डॉक्टरांना विचारलं, "ती जेवत होती हो. मग?" डॉक्टरांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

बाहेर आल्यावर पडदेवाली बाकावर बसली आणि म्हणाली, "मला सुया नकोत. त्या गोळीवर माझा जीव बसला होता."

सलाइनची माहिती द्यायला तीच पहिली सिस्टर आली. वजन केलं, नाडी बघितली. आणि मग, कुणाला ठाऊक काय तिच्या मनात आलं, तिने औषधांबद्दल विचारलंच नाही. ती म्हणाली, "काकू, सकाळी डोळे उघडल्यापासून झोपेपर्यंत तुमच्या तोंडात काय काय जातं ते सगळं सांगा. अगदी पाण्यासकट."

पडदेवाली सांगायला लागली. उठल्यावर पाणी. मग अस्तर. मग गोळी. मग चहा.

"अस्तर?"

"ते ह्यांचं गुलाबी हो. पोटाला आधी लेप. मग दुपारी एक चमचा, झोपताना एक."

सिस्टरच्या हातातलं पेन थांबलं. रंगारी उत्साहाने पुढे सरसावला आणि त्याने आपली सगळी युक्ती तिला सविस्तर समजावून सांगितली. भिंत, कडक माल, पापुद्रे. सांगता सांगता सिस्टरचा चेहरा बघून त्याचा आवाज आपोआप बारीक होत गेला. ती उठली आणि डॉक्टरांना घेऊन आली.

डॉक्टर ओरडले असते तर बरं झालं असतं. ते ओरडले नाहीत. ते म्हणाले, की ही गोळी पोटातल्या आम्लातच विरघळते. तुम्ही दिवसभर आम्लच मारत होतात. मग गोळी पोटात जात होती, पण रक्तात पुरेशी उतरत नव्हती. जळजळ, पुरळ, सगळं कमी झालं ते त्यामुळेच असेल. औषधच अंगाला पुरतं लागलं नाही, तर त्याचा त्रास तरी कुठून होणार?

"म्हणजे गाठ माझ्यामुळे वाढली?"

"असू शकेल. किंवा आजारच गोळीला हुलकावणी द्यायला शिकला असेल. आज तरी नक्की सांगता येत नाही." परत तेच! मग डॉक्टर म्हणाले, "सलाइन थोडं थांबवू. ते गुलाबी औषध आजपासून बंद. जळजळीसाठी मी सांगेन ते, आणि सांगेन त्याच वेळेला. काही आठवडे नुसती गोळी घ्या, मग फोटो काढू. गोळी चालत असेल तर दिसेल. नसेल, तर तेही दिसेल."

दोघं घरी आली. दार उघडल्या उघडल्या पडदेवालीने ती बाटली मोरीत ओतली आणि कपाळावर हात मारून घेतला. "चमचाभर तरी विचारायचं होतंत हो कुणाला! घराला रंग देताना मालकाला दहा प्रश्न विचारता तुम्ही."

"अगं, मला वाटलं..."

"काय वाटलं? मी भिंत आहे?"

मुलगी फोनवर चिडली, रडली, "बाबा, तुम्ही आईला मारलं असतंत!" म्हणाली आणि मग फोन ठेवून दिला. तेही त्याने ऐकून घेतलं. पुढचे दिवस तो कामावर जायचा, भिंत घासायला घ्यायचा आणि घासतच राहायचा, इतका, की एकदा मालक म्हणाला, "काका, आता विटा दिसायला लागतील." अपराधीपणाने त्याला अन्न गोड लागेना. पण खरा गोंधळ वेगळाच होता, आणि तो त्याला कुणाला सांगताही येईना.

एका दुपारी शिडीवर उभा असताना त्याच्या डोक्यात एक हिशेब सुरू झाला आणि हातातला ब्रश मधेच थांबला. आपली चूक नसेल, तर? आपण निर्दोष सुटू, झोप लागेल, मुलगी बोलायला लागेल. पण मग गोळी संपली. म्हणजे आजारच हुशार निघाला, आणि बायको सुयांवर, आणि पुढे कुणी सांगावं काय. आणि चूक आपलीच असेल, तर? तर आपण आपल्या हाताने बायकोची गाठ वाढवली. पण मग गोळीत अजून दम आहे. मग ती वाचेल. तो शिडी धरून तसाच उभा राहिला. आयुष्यात पहिल्यांदा त्याला कळेना, की देवाकडे मागायचं तरी काय. अपराधी ठरव म्हणून कुणी गाऱ्हाणं घालतं का? आणि त्याने ते घातलं. भिंतीच्या ओल्या रंगालाच डोकं टेकून हलक्या आवाजात तो म्हणाला, "माझीच चूक असू दे रे. सगळी माझीच असू दे."

संध्याकाळी मुलीचा फोन आला. जरा मवाळ होऊन ती म्हणाली, "बाबा, कदाचित तुमच्यामुळे नसेलही झालं."

"असं बोलू नकोस!" तो एवढ्या जोरात ओरडला, की ती घाबरली. "तू आधी म्हणालीस तेच बरोबर होतं. तेच म्हण."

पोरीला काहीच उमगलं नाही. पडदेवालीला मात्र उमगलं. मशीनवरून मान न उचलता ती म्हणाली, "मी पण देवाकडे तेच मागतेय रोज. तुमच्या नावाने." त्याने चमकून तिच्याकडे बघितलं. ती दोरा ओवत होती.

जळजळ परत आली. डॉक्टरांनी सांगितलं तेवढंच औषध घेऊन बाकीची सोसावी लागली, आणि तो जवळ बसून राहायचा. काही करायचं नाही, नुसतं बसायचं, हे त्याला फार जड गेलं. चमचा घेऊन धावायची सवय हाताला. खोकला कमी झाल्यासारखा वाटायचा, मग नाही असं वाटायचं. दोघांचाही जीव टांगणीला लागला होता. ऐकण्याची इतकी सवय लागली, की शेजारचा माणूस खोकला तरी रंगारी दचकायचा.

फोटोच्या दिवशी डॉक्टर बराच वेळ पडद्यावरची चित्रं पुढे-मागे करत राहिले. रंगाऱ्याने टेबलाची कड घट्ट धरली होती.

"गाठ आक्रसलीय," डॉक्टर म्हणाले. "चांगली आक्रसलीय. गोळी काम करतेय. पुढे कधीतरी ती थकेलही, तेव्हाचं तेव्हा बघू. आत्ता सलाइनची गरज नाही."

पडदेवालीने डोळे मिटले.

"म्हणजे तेव्हा माझ्यामुळेच वाढली होती?" रंगाऱ्याने विचारलं.

डॉक्टर भले माणूस. म्हाताऱ्याच्या जिवाला लागेल म्हणून ते चाचरले. "तसं अगदी नक्की सांगता येत..."

"पाया पडतो डॉक्टर, आज तरी तसं म्हणू नका! माझ्यामुळेच ना?"

डॉक्टरांनी पडदेवालीकडे बघितलं. तिने मान डोलावली. मग ते म्हणाले, "हो काका. तुमच्यामुळेच."

रंगारी उठून उभा राहिला आणि पुन्हा खाली बसला. त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं आणि तोंडभर हसू होतं. दारात उभ्या सिस्टरला तो म्हणाला, "ऐकलंत ना? मीच केलं होतं! सगळं मीच!" बाहेर बसलेली माणसं माना उंचावून बघायला लागली, की हा कोण वेडा स्वतःच्या नावाने ओरडतोय.

"झालं मिरवून?" पडदेवाली म्हणाली. तिचाही आवाज भिजला होता. "मग आता माफी मागा. एवढे महिने खोकायला लावलंत मला."

त्याने तिच्याकडे वळून हात जोडले. "चुकलो," एवढं म्हणेपर्यंत पुन्हा हसू फुटलं, मग रडू, मग पुन्हा हसू. त्याचं त्यालाच आवरेना.

"ही कसली माफी? घरी गेल्यावर नीट मागा," ती म्हणाली.

घरी गेल्यावरही त्याला ते नीट जमलं नाही.